बाळंतिणीला देवघर बंद आणि तोंडही बंद

मूल झालं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं लगेच, फोनवर, "देवाची कृपा, दोघंही सुखरूप". दुसरं आठ-दहा दिवसांनी, बाळंतीण भिंतीकडे तोंड करून रडताना दिसली की, "अगं देवानं सोन्यासारखं पोर पदरात घातलंय आणि रडतेस काय, बाळाला लागतं असं रडलेलं." म्हणणारी बाई दुष्ट वगैरे अजिबात नसते, बहुतेकदा तिनेच सकाळी अळिवाची खीर करून दिलेली असते आणि रात्री बाळाला मांडीवर घेऊन तीच जागलेली असते. पण हे ऐकल्यावर बाळंतीण जी गप्प होते ती पुढे कित्येक महिने गप्पच. कारण तोपर्यंत तिला नुसतं वाईट वाटत होतं, आता ती कृतघ्नसुद्धा ठरली, आणि तीही थेट देवाच्या दरबारात.

मला याबद्दलच लिहायचंय. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर हल्ली बऱ्यापैकी लिहिलं जातं, हार्मोन्स येतात, झोप येते, नवऱ्याने मदत करावी वगैरे येतं. पण आपल्याकडच्या बहुतेक बायका श्रद्धाळू असतात आणि त्या दिवसांत त्यांचं देवाशी काय चाललेलं असतं हे कुणीच विचारत नाही. डॉक्टर विचारत नाहीत कारण ओपीडीत तेवढा वेळ नसतो, माझे विवेकवादी मित्र विचारत नाहीत कारण त्यांना सगळ्या घोळाचं मूळच तिथे दिसतं, आणि घरातले देवधर्मवाले विचारत नाहीत कारण त्यांचं उत्तर आधीच तयार असतं, नाम घे, सगळं ठीक होईल. माझं म्हणणं असं की बाळंतपणाभोवती आपण जेवढे म्हणून विधी, नेमधर्म उभे केलेत त्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे आणि विटाळाकडे आहे, आईच्या मनाकडे बघायला त्यात कुणाची नेमणूकच नाही. आणि ही नेमणूक करणं हे श्रद्धाळू माणसांचं काम आहे, ते नुसतं डॉक्टरांवर ढकलून भागणार नाही.

आधी हे किती मोठं प्रकरण आहे ते बघू, कारण "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" हे पुढचं वाक्य तयारच असतं. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, वीस हजारांवर बायका, आणि त्यात बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं प्रमाण निघालं साधारण २२ टक्के. म्हणजे पाचात एक. आपल्या शेजारी गोव्यात तर त्याच्याही कितीतरी आधी, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात २७० बायकांचा अभ्यास केला होता, तो २००२ ला छापून आला, तिथेही सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की या त्रासातल्या जवळजवळ ७८ टक्के बायका गरोदरपणातही मनाने खचलेल्याच होत्या. म्हणजे डिलिव्हरीनंतर आकाशातून काही कोसळत नाही, आधीपासून दिसत असतं, आपण बघत नाही. कारणं काय निघाली तर पैशाची ओढाताण, नवऱ्याशी वाईट संबंध, मारहाण, आणि आधीची मुलगी असताना पुन्हा मुलगीच होणं. यात हार्मोन्सना दोष देऊन हात झटकता येण्यासारखं फार थोडं आहे.

आता विधींकडे येऊ. डिलिव्हरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्ध्याहून जास्त बायकांना उगाच रडू येतं, चिडचिड होते, छाती भरून येते, याला बेबी ब्लूज म्हणतात आणि दोन आठवड्यांत ते बहुतेक आपोआप ओसरतं. नेमक्या याच सुमारास आपल्याकडे पाचवी येते. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, कोरा कागद आणि पेन ठेवायचं, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, कारण रात्री सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाणार. मला ही रीत खरंच आवडते, मी त्याची टिंगल करत नाहीये. पण बघा ना, घरातल्या सगळ्या बायका रात्रभर जागतात, गप्पा मारतात, चहाच्या दोन फेऱ्या होतात, आणि ज्या बाईचा रडण्याचा जोर त्या रात्री सगळ्यात जास्त असू शकतो ती तिथेच बाजेवर, कानाला रुमाल बांधून, टाके दुखतायत म्हणून एका कुशीवर पडलेली असते आणि अख्ख्या जागरणात तिला एक प्रश्न विचारला जातो, दूध येतंय का नीट. बाळाचं नशीब लिहायला देवी घरापर्यंत येते आणि आईची विचारपूस माणसंसुद्धा करत नाहीत.

मग सोयर. दहा दिवस घराला, आणि बाळंतिणीला तर अनेक घरांत सव्वा महिना देवघर बंद. वरवर बघता ही सोयच वाटते, ओली बाळंतीण आहे, उठबस नको, सोवळंओवळं नको. ज्या बाईला देवाचं फारसं काही नसतं तिला फरकही पडत नाही. पण ज्या बाईचा दिवसच मुळी सकाळी देवाला फूल वाहून सुरू होतो, संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हटल्याशिवाय जिला जेवण जात नाही, तिचं काय होतं याचा विचार करा. तिच्या मनाला धरून ठेवणारी जी एक रोजची सवय होती ती, आयुष्यातल्या सगळ्यात अवघड महिन्यात काढून घेतली. माझ्या एका मावसबहिणीच्या बाबतीत मी हे जवळून बघितलंय. सासर वारकरी, ती स्वतः माळ घातलेली. तिसऱ्या आठवड्यात एकदा दुपारी सगळे झोपलेले असताना ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आत कोपऱ्यात देव्हारा, आणि तिथेच चौकटीला धरून उभी राहिली. सासूबाईंना जाग आली, त्या म्हणाल्या "लांबूनच हात जोड गं, अजून दिवस आहेत". रागावून नाही, अगदी मायेनं. नंतर केव्हातरी तिने मला सांगितलं, मला पूजाबिजा काही करायची नव्हती, मला फक्त त्याच्यासमोर बसून रडायचं होतं, कारण बाकी कुणासमोर रडले की समजूत घालायला येतात.

मुस्लिम घरांत बाळंतिणीला चाळीस दिवसांपर्यंत नमाज माफ असते पण दुआ मागायला कुणी अडवत नाही, ही व्यवस्था मला जास्त शहाणपणाची वाटते. कर्तव्यातून सुटका द्यायची, बोलणं तोडायचं नाही. आपल्याकडेही हे करता येण्यासारखं आहे, त्यासाठी शास्त्र पालथं घालायची गरज नाही. नामाला सोवळं लागत नाही हे तर वारकरी पंथ सातशे वर्षं सांगतोय. मग तिला म्हणा ना की देव्हाऱ्यापाशी बस, हवं तितका वेळ बस, दिवा आम्ही लावू.

नवसाच्या मुलांच्या आयांचं तर आणखी कठीण. लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेली, दवाखाने झाले, कुणी तुळजापूरला सांगितलं, कुणी आणखी कुठे ओटी भरायला नेलं, अनवाणी चालत जाऊन झालं, आणि मग एकदाचं मूल झालं. हिने जर म्हटलं की मला या बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, तर ऐकणारा कोण? तिला रडायची परवानगीच नसते. वर तो नवस फेडायचा राहिला असेल तर प्रत्येक वाईट दिवसाचा हिशोब तिथे जाऊन लागतो, दूध कमी आलं, नवस राहिलाय, बाळाला कावीळ झाली, नवस राहिलाय, हिला काही गोड लागत नाही, तरी मी म्हणत होते नवस फेडून या. एका आजाराचं देण्याघेण्यात रूपांतर होतं आणि कर्जदार मात्र एकटी आई. आयव्हीएफवाल्या बायकांचंही हेच चालतं फक्त तिथे देवाच्या जोडीला लाखांत झालेला खर्च असतो.

श्रद्धाळू बाईच्या डिप्रेशनमध्ये एक गोष्ट वेगळी असते आणि ती मला वाटतं काऊन्सेलिंग करणाऱ्यांनीही नीट समजून घ्यावी. या आजारात कशातच रस वाटत नाही, जेवण बेचव लागतं, आवडती सिरीयल नकोशी होते, हे आपण लक्षण म्हणून मान्य करतो. पण त्याच नियमाने नाम घेतानाही आत काहीच हलत नाही, आरती ऐकून पूर्वी डोळ्यांत पाणी यायचं ते येत नाही, तेव्हा मात्र तिला वाटतं माझी श्रद्धा गेली, देवाने मला टाकलं. ती श्रद्धा गेलेली नसते हो, ताप आल्यावर तोंडाची चव जाते तसं आहे हे, त्यात साखरेचा काही दोष नसतो. हे तिला कुणीतरी सांगायला हवं आणि सांगणारा माणूस शक्यतो असा हवा की ज्याच्या देवावरच्या विश्वासाबद्दल तिला शंका नाही. माझ्यासारखीने सांगितलं तर ती म्हणेल तुला काय कळतंय, तू कधी एकादशी धरलीस?

दुसरं, ते भयंकर विचार. बाळाला आंघोळ घालताना हातून सुटलं तर, गॅलरीत उभी असताना काही झालं तर, विळी समोर दिसली की अंगावर काटा. असे नको असलेले विचार नवीन आयांना येतात, खूप जणींना येतात, आणि ज्या आईला त्यांची स्वतःलाच भीती वाटते, किळस येते, ती बाळाला जिवापाड जपत असते. पण धार्मिक घरात वाढलेल्या मुलीला मनात आलेलं पापही पापच असं शिकवलेलं असतं. मग ती हे नवऱ्यालाही सांगत नाही, चुकून सांगितलंच तर घरात कुजबुज सुरू होते, बाहेरचं काहीतरी आहे, संध्याकाळी केस मोकळे सोडून गच्चीत गेली होती, अमुक बाई बाळ बघायला आली तेव्हापासूनच सुरू झालंय. मीठमोहरी उतरवून टाकली, चुलीत तडतडली, इथपर्यंत ठीक आहे, त्याने कुणाचं नुकसान नाही. पुढे अंगारा, मग देवर्षी, मग कुणीतरी सांगितलेला भगत.

इथे मात्र मऊ बोलून उपयोग नाही. हजारात एक-दोन बायकांना डिलिव्हरीनंतर पहिल्या दोन आठवड्यांतच जे होतं ते डिप्रेशनच्या पलीकडचं असतं, सायकोसिस. झोपच नाही आणि तरी थकवा नाही, कानात आवाज, असंबद्ध बोलणं, आणि बऱ्याचदा त्या भ्रमांना देवाधर्माचाच रंग असतो, हे बाळ म्हणजे अवतार आहे, मला आज्ञा झालीय, किंवा उलट, हे माझं बाळच नाही, कुणीतरी बदललंय. पहिलं ऐकलं की घरातले हात जोडतात, देवी अंगात आली म्हणून ओटी भरतात, आणि दुसरं ऐकलं की मिरचीची धुरी देतात. दोन्ही वेळा ती बाई आणि ते बाळ, दोघांच्याही जिवाला धोका असतो आणि तासातासाला वाढत असतो. त्या दिवशी, त्याच दिवशी, हॉस्पिटल. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर कुठे तो आला, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. पण त्या खोलीत असलेल्या सगळ्या जणी घरच्याच असतात, तक्रार करणार कोण आणि कुणाविरुद्ध.

आणि हॉस्पिटलला न नेण्यामागे एक भीती असते जी खरीही असते, बाळ तिच्यापासून तोडतील, अंगावरचं दूध सुटेल, वेडी म्हणून शिक्का बसेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की उपचारासाठी दाखल झालेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ एकत्र राहून उपचार घेतील असा खास विभाग आहे. असे विभाग आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात पाहिजेत, ते नाहीत हे सरकारचं अपयश आहे आणि त्याचं खापर कुठल्याही देवीवर फोडता येणार नाही. गोळ्यांची भीतीही तशीच, सर्ट्रालीनसारखी डिप्रेशनवरची औषधं दूध पाजत असतानाही डॉक्टर देतात, आईच्या दुधात ती अगदी कमी उतरतात. हे न सांगता "गोळ्या घेतल्यास तर दूध बंद करावं लागेल" असं घरीच कुणीतरी ठरवून टाकतं आणि बाई गोळ्या सोडते. कधी कधी तर मुळात हिमोग्लोबिन पार उतरलेलं असतं नाहीतर थायरॉईड बिघडलेलं असतं, साध्या रक्ततपासणीत कळलं असतं.

आता माझे विवेकवादी मित्र. ते म्हणतात एवढं सगळं तू स्वतःच सांगतेस तर मग बाईला सरळ म्हण ना सोड तो देव. हे मला पटत नाही, आणि ते केवळ सहिष्णुता वगैरे म्हणून नाही. जी बाई आधीच बुडतेय तिच्या हातातली काठी ती तुमच्या मते कुचकी आहे म्हणून तेव्हाच काढून घेणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. वाद घालायचाय तर मूल दोन वर्षांचं झाल्यावर घाला, निवांत, चहा घेत. शिवाय आपल्या परंपरेत देवापुढे नेहमी गोड गोडच वागावं लागतं हे तरी कुणी सांगितलं? जनाबाईने अंगणात उभं राहून विठ्ठलाला शिव्या दिल्यात, कारट्या म्हटलंय, तुझं मढं गेलं म्हटलंय, आणि तो अभंग गाथेत आहे, कुणी वगळला नाही. तुकोबांनी देवाशी भांडणं केली. म्हणजे कोलमडलेल्या, चिडलेल्या माणसाला भक्तीत जागा आहे, फक्त ती जागा आपण बाळंतिणीला सांगत नाही. तिला आपण फॉरवर्ड पाठवतो की देव सगळीकडे पोचू शकत नाही म्हणून त्याने आई बनवली. अरे, तिला दोन तास सलग झोप मिळालेली नाही आणि तुम्ही तिला देवाची बदली ड्युटी देताय!

यावर कीर्तनकार बोलले तर किती फरक पडेल. व्यसनमुक्तीवर बोलतात, हुंड्यावर बोलतात, मुलगी वाचवा वर बोलून बोलून तर त्यांनी गावंच्या गावं हलवली आहेत. सप्ताहात समोर निम्म्याहून जास्त बायका असतात, त्यातल्या निदान दोन-चार जणींच्या घरी त्या वेळी ओली बाळंतीण असणारच. महाराजांनी जर व्यासपीठावरून एवढं म्हटलं की बाळंतिणीचं दोन आठवड्यांच्या वर रडणं हा आजार आहे, त्याला औषध आहे आणि औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे, तर ते एक वाक्य आरोग्य खात्याच्या पोस्टरपेक्षा दसपट लांब जाईल. मी आजवर असं वाक्य कीर्तनात ऐकलेलं नाही.

आणि आशाताई. दवाखान्यात डिलिव्हरी झाली तरी त्या घरी सहा वेळा येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मुळात ही घरी जाऊन नवजात बाळ बघायची पद्धत आपल्या गडचिरोलीतून आली, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून, गावातल्या कमी शिकलेल्या बाईला बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवता येतो हे त्यांनी करून दाखवलं. मग त्याच बाईला आईची निराशा ओळखायला नक्कीच शिकवता येईल. एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची एक आहे, १९८७ पासून जगभर वापरतात, पाच मिनिटांत होते, शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायचे विचार येतात का हा असतो. बाळाचा वजनकाटा लटकवून झाला की सासूबाईंना म्हणायचं, काकू जरा पाणी आणता का, आणि तेवढ्यात बाळंतिणीला विचारायचं. अर्थात त्यासाठी आशाताईंना वेळेवर मानधन द्यायला हवं, त्यांच्यावर आणखी एक फॉर्म लादून आपण मोकळे झालो तर तो फॉर्म घरी बसून भरला जाईल आणि दोष कुणाला द्यायचा?

सासूबायांबद्दल मी कडवट लिहिलंय असं वाटेल कुणाला, पण त्यांच्याकडे जे आहे ते डॉक्टरकडे नाही. सव्वा महिना स्वयंपाक नाही, मालीश, शेक, डिंकाचे लाडू, बाळाला रात्री दुसऱ्याने सांभाळणं, ही विश्रांती कुठल्याच कंपनीच्या मॅटर्निटी लीव्हमध्ये मिळत नाही. परदेशात एकट्या असलेल्या मराठी मुली आईचा व्हिसा वेळेत व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात ते उगाच नाही. ही माया आहे तशीच हवी, फक्त "रडू नको" च्या जागी "किती दिवस झाले असं वाटतंय" एवढं विचारता आलं पाहिजे, आणि उत्तर पंधरा दिवसांच्या वर गेलं तर दवाखाना, नाहीतर निदान १४४१६ वर फोन, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट, मराठीत बोलतात. जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली किंवा असंबद्ध बोलायला लागली तर पंधरा दिवसही थांबायचं नाही.

रीतीभातींत असले बदल करू नयेत, धर्मात ढवळाढवळ नको, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की बारशाला आता काय काय चालतं ते आठवा. फुग्यांची कमान असते, थीम असते, केक कापतात, ड्रोन फिरतो, बाराव्या दिवसाचं बारसं हॉलची तारीख मिळेना म्हणून तिसऱ्या महिन्यात होतं आणि तेव्हा कुठल्याही आजीला शास्त्र आठवत नाही. फोटोग्राफरसाठी पाळण्याचा मुहूर्त अर्धा तास पुढे ढकलता येतो तर पाचवीच्या रात्री, दिव्यात तेल घालायला उठलेल्या कुणीतरी बाजेवरच्या बाईशेजारी दहा मिनिटं बसून तिचं ऐकायलाही काही हरकत नसावी.